गेम अवॉर्ड्स २०२५ : डिसेंबरच्या थंडीत सकाळी सहाला उठून बघण्याइतका भारी आहे का हा शो?

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच कल्टी मारावी. द गेम अवॉर्ड्स हा शो अवॉर्डचा सोहळा म्हणून बघाल तर पाचपैकी दोन, येणाऱ्या गेम्सचे ट्रेलर बघायला बसाल तर साडेतीन, आणि शेवटी तो ऑर्केस्ट्रा वाजतो ना, तेवढाच तुकडा काढून बघाल तर पाचपैकी पाच, त्यात मी अर्धा पॉइंट पण कापणार नाही. आणि हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे, एक तो शो आणि दुसरं म्हणजे इकडे नागपुरात त्रिमूर्ती नगरच्या बाजूला एका गेमिंग कॅफेत तो सगळ्यांनी मिळून लाइव्ह बघायचा जो प्रोग्राम ठेवला होता तो. कॅफेचं नाव टाकत नाही, कारण त्याच्याबद्दल थोडं वाकडं पण लिहायचं आहे आणि चालवणारा पोरगा मेहनती आहे, उगाच त्याचे स्टार कमी व्हायला नको.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दरवर्षी डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसला हा कार्यक्रम होतो, वर्षभरात आलेल्या व्हिडिओ गेम्सना अवॉर्ड देतात आणि मधेमधे पुढे येणाऱ्या गेम्सचे ट्रेलर दाखवतात, म्हणजे मधेमधे म्हणायचं आपलं, खरं तर ट्रेलरच्या मधेमधे अवॉर्ड देतात. चालवतो जेफ कीली नावाचा कॅनडाचा माणूस. आधी तिकडे स्पाइक नावाच्या टीव्ही चॅनलवर २००३ पासून व्हिडिओ गेम अवॉर्ड्स लागायचे, त्यातही हा गडी होताच, मग २०१३ ला त्याचं नाव व्हीजीएक्स करून काहीतरी नवीन करायला गेले आणि ते पार आपटलं, तेव्हा २०१४ पासून यानं चॅनलचा नाद सोडून स्वतःचा शो काढला आणि सरळ इंटरनेटवर फुकट सोडला. यूट्यूबवर बघा, ट्विचवर बघा, यंदा तर प्राइम व्हिडिओवर पण होता. पहिल्या वर्षी १९ लाख लोकांनी बघितला होता आणि २०२४ ला तोच आकडा १५ कोटी ४० लाख स्ट्रीमवर गेला, आता हे आकडे शोवाल्यांनीच दिलेले आहेत त्यामुळे ज्याला जितके पटतील तितके त्यानं घ्यावेत, पण वाढला आहे हे खरं, कारण पाच-सहा वर्षांपूर्वी नागपुरात कोणाला याचं नाव सांगितलं तर लोक विचारायचे की फिल्मफेअरचं काही आहे का.

तिकडे गुरुवारची संध्याकाळ असते तेव्हा इकडे शुक्रवारची सकाळ. प्री-शो सहाला, मेन शो साडेसहाला. यंदा ११ डिसेंबरला होता म्हणजे आपल्याकडे १२ ची सकाळ, आणि नागपूरकरांना सांगायला नको की त्या आठवड्यात अधिवेशन चालू होतं, सिव्हिल लाइन्सकडे जिकडे बघावं तिकडे बॅरिकेड आणि पोलिसांच्या गाड्या, त्यामुळे सदरकडून येणारे दोघं-तिघं फिरून फिरून आले आणि प्री-शो हुकला म्हणून रडत बसले. त्यांना सांगतो, काही हुकलं नाही तुमचं. प्री-शोमध्ये काही अवॉर्ड उरकून टाकतात आणि छोट्या गेम्सचे ट्रेलर लावतात, ते नंतर यूट्यूबवर एकेक करून मिळतात. साडेसहाला डोळे चोळत लावलं तरी चालतं.

आता मुख्य तक्रार. हा अवॉर्ड शो आहे ना, मग अवॉर्ड द्या की राव! वर्षानुवर्षं राबून गेम बनवणाऱ्या लोकांची ही एकच रात्र, आणि अर्ध्याहून जास्त अवॉर्ड तर स्टेजवर दिलेच जात नाहीत, तो कीली उभा राहतो आणि गणेशपेठ बसस्टँडवर गाड्या पुकारतात तशी नावं पुकारत जातो, या कॅटेगरीत हे, त्या कॅटेगरीत ते, चला पुढे, टाळ्या, जाहिरात. बेस्ट फायटिंग गेम कोणता ते कळायच्या आत बेस्ट रेसिंग येऊन गेलेला असतो. माझ्या मागच्या खुर्चीवर एक कॉलेजचं पोरगं होतं, ते वैतागून बोललं, "अबे, हे जाहिरातीच दाखवून राहिले, अवॉर्ड कधी देतीन?" त्याचा मित्र म्हणे, "आत्ता गेले ना बे चार, तू पोहे घेऊन राहिला होता तेव्हा." आणि खोटं नाही सांगत, खरंच गेले होते.

यामागचा इतिहास पण आहे. २०२२ ला गॉड ऑफ वॉर गेमच्या हिरोचा, क्रेटॉसचा, आवाज देणारा क्रिस्टोफर जज बेस्ट परफॉर्मन्सचा अवॉर्ड घ्यायला आला आणि चांगला सात-आठ मिनिटं बोलत राहिला, लोकांना आवडलं पण, माणूस मनापासून बोलत होता. पुढच्या वर्षी मात्र भाषणावर असा काही टाइम लावला की तीसेक सेकंद झाले की समोरच्या स्क्रीनवर आता आटपा म्हणून पाटी आणि मागून म्युझिक चालू. त्याच वर्षी जज साहेब दुसऱ्या कोणाला तरी अवॉर्ड द्यायला आले आणि स्टेजवरूनच चिमटा काढून गेले की माझं भाषण यंदाच्या कॉल ऑफ ड्यूटी गेमच्या कॅम्पेनपेक्षा, म्हणजे त्यातल्या गोष्टीपेक्षा, लांब होतं म्हणून. त्यावर नेटवर बोंब झाली तेव्हापासून थोडं सुधारलं आहे, यंदा मोठ्या अवॉर्डवाल्यांना बरं बोलू दिलं, पण पुकारायचा कार्यक्रम काही बंद झाला नाही.

का असं, तर पैसा. २०२४ मध्ये याच कीलीचा जो उन्हाळ्यातला शो असतो, समर गेम फेस्ट, त्याचे रेट बाहेर आले होते, एस्क्वायर मासिकानं छापले होते. एका मिनिटाच्या ट्रेलरला अडीच लाख डॉलर. म्हणजे आपले दोन कोटींच्या वर, एका मिनिटाला. तेवढ्यात धरमपेठेत फ्लॅट येतो. काही ट्रेलर ते फुकट पण दाखवतात म्हणे, पण बाकीचे जर मिनिटाला एवढे मोजून बसले असतील तर बेस्ट साउंड डिझाइनवाल्याला कोण दोन मिनिटं जास्त देणार? आधी ई-थ्री नावाची मोठी जत्रा भरायची दर जूनमध्ये, सगळ्या कंपन्या तिथे गेम दाखवायच्या, ती कोरोनानंतर जी आचके देत होती ती डिसेंबर २०२३ ला कायमची बंद झाली. त्यामुळे आता गेम दाखवायला दुकानं राहिली मोजकीच आणि त्यातल्या दोन मोठ्या दुकानांचा गल्ला एकाच माणसाकडे. चूक त्याची म्हणत नाही मी, त्यानं वेळ ओळखली. पण बघणाऱ्यानं हे डोक्यात ठेवून बघावं, आपण तीन तास आवडीनं जाहिराती बघून राहिलो आहोत.

आणि जाहिराती बघायला मला आवडतात, हे पण कबूल! थंडीत शाल गुंडाळून, हातात तर्री पोहे, समोर भिंतीएवढ्या पडद्यावर असा गेम जो कोणालाच माहीत नव्हता, हॉलमध्ये सगळे एकदम "ओयेऽऽ" करतात, ती मजा घरी मोबाइलवर येत नाही. फक्त ट्रेलर बघताना माझा एक नियम आहे. ट्रेलरमध्ये गेम खेळताना दिसतो का नुसता सिनेमा दिसतो? हातात कंट्रोलर घेतल्यावर मी काय करणार आहे ते दिसलं तर ट्रेलर, नाही दिसलं तर ती फक्त बातमी, की बाबा आम्ही असा असा गेम बनवायला घेतला आहे, आशीर्वाद असू द्या. बातमीवर पैसे देऊ नये.

हे उगाच नाही बोलत. नो मॅन्स स्काय आठवतो का? २०१३ च्या त्याच आपटलेल्या व्हीजीएक्समध्ये त्याचा ट्रेलर आला होता, अख्खं विश्व, कोणत्याही ग्रहावर उतरा, लोक वेडे झाले. ऑगस्ट २०१६ ला गेम आला तेव्हा सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोकांनी असा राडा केला, रिफंडसाठी रांगा लागल्या. आता त्या हॅलो गेम्सवाल्यांचं कौतुक हे की ते पळून नाही गेले, वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत देत गेम उभा केला आणि २०२० ला याच गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट ऑनगोइंग गेमचा अवॉर्ड नेला. मस्त गोष्ट आहे, पण २०१६ ला ज्यानं पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्याला ती चार वर्षं कोणी परत दिली का? त्याच टीमनं २०२३ च्या शोमध्ये लाइट नो फायर म्हणून नवीन गेम दाखवला, पृथ्वीएवढा एकच ग्रह वगैरे, आणि त्याची तारीख अजून नाही. माझ्या विशलिस्टला पडून आहे, पडून राहू दे.

यंदाच्या ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त ज्याची हवा होती तो म्हणजे लारियनचा डिव्हिनिटी. बॉल्डर्स गेट थ्री वाले हे, बेल्जियमचे, २०२३ चा गेम ऑफ द इयर यांचाच. शोच्या आधी कीलीनं वाळवंटात एक भयंकर पुतळा उभा करून त्याचा फोटो टाकला होता आणि जगभरातले लोक तो कशाचा म्हणून डोकं खाजवत बसले होते, तो याचाच निघाला. ट्रेलर म्हणाल तर अंगावर येतो, गावात कसला तरी उत्सव चालू आहे, खाणं पिणं नाचणं, आणि मधोमध एका माणसाला जिवंत जाळून राहिले, मग पुढे जे होतं ते पोहे खाता खाता बघण्यासारखं नाही. आमच्यात एक काका होते, मुलाला सोडायला म्हणून आले आणि बसूनच राहिले, त्यांनी प्लेट खाली ठेवली. पण माझ्या नियमात बसवायचं तर गेम यात एक सेकंद पण नाही. नुसती बातमी. लारियनवर भरवसा आहे म्हणून थांबायला तयार आहे, पण पॉइंट देणार नाही.

टूम रेडरचे तर दोन दोन दाखवले एकदम. एक लेगसी ऑफ अटलांटिस, म्हणजे १९९६ चा पहिला गेम नव्यानं बनवून राहिले, तो २०२६ ला, आणि दुसरा कॅटलिस्ट, पूर्ण नवा, २०२७ चा. आता हा कॅटलिस्ट आपल्या कामाचा आहे कारण लारा बाई यात उत्तर भारतात येणार. हॉलमध्ये ते कळल्यावर जी शिट्टी पडली ती बाकी कोणाला नाही पडली. मला आनंद आणि धाकधूक दोन्ही आहे, कारण बाहेरचे लोक भारत बनवायला घेतात तेव्हा पिवळा प्रकाश, साधू, हत्ती आणि मागून सतार, एवढ्यावर काम भागवतात. देवळाचा एखादा खांब तरी नीट बनवा म्हणावं. बघू. स्टार वॉर्सचा फेट ऑफ द ओल्ड रिपब्लिक पण आला, जुन्या ओल्ड रिपब्लिक गेमवाला केसी हडसन बनवून राहिला म्हणून जुने लोक खूश, माझ्या बाजूचा मित्र तर खुर्चीवरून उठला होता, पण त्यातही खेळणं काही दिसलं नाही. कंट्रोल रेझोनंटमध्ये दिसलं, आणि चांगलं दिसलं, तो घेणार. रेसिडेंट एव्हिल रेक्विएममध्ये लिऑन परत आला, २७ फेब्रुवारी २०२६ ची तारीख, म्हणजे वाट पण फार बघायची नव्हती, या शोमधला माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक ट्रेलर, काय आहे ते दाखवलं, तारीख सांगितली, घरी गेले. मेगा मॅन आला, एस कॉम्बॅट आला, स्ट्रीट फायटरच्या पिक्चरचा टीझर पण आला ज्यात आपला विद्युत जामवाल धलसिम आहे, ते बघून पोरं उड्या मारत होती पण मला पिक्चरशी काही घेणंदेणं नाही, गेमच्या शोमध्ये पिक्चरला जागा आहे आणि बेस्ट डेब्यूवाल्याला घाई आहे, हे डोक्यात जातं.

मोस्ट अँटिसिपेटेड गेम म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त वाट बघून राहिलो तो, त्याचा अवॉर्ड जीटीए सिक्सला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी. न आलेल्या गेमला दोनदा अवॉर्ड, आणि गंमत म्हणजे जीटीएवाले या शोमध्ये ट्रेलर दाखवायलाच येत नाहीत, त्यांना गरजच नाही, त्यांनी स्वतःच्या चॅनलवर टाकला की जग थांबतं. तारीख आधी मे २०२६ होती आता १९ नोव्हेंबर २०२६ झाली आहे. अशीच पुढे ढकलत राहिले तर हॅट्ट्रिक नक्की.

आता चांगलं बोलतो. क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३. गेम ऑफ द इयर धरून नऊ अवॉर्ड, या शोच्या इतिहासात एवढे कोणालाच मिळाले नव्हते. फ्रान्समध्ये माँपेलिए नावाच्या गावात सँडफॉल म्हणून छोटा स्टुडिओ आहे, मोठ्या कंपनीतून बाहेर पडलेला गियोम ब्रोश त्याचा डायरेक्टर, आणि म्युझिक ज्याचं आहे तो लोरियन तेस्तार त्यांना साउंडक्लाउडवर गाणी ऐकता ऐकता सापडला. गेमची गोष्टच अशी आहे की ऐकूनच काटा येतो, एक बाई दरवर्षी लांब दिसणाऱ्या एका प्रचंड दगडी खांबावर आकडा रंगवते, आणि त्या वयाचे सगळे लोक राख होऊन उडून जातात, दरवर्षी आकडा एकानं कमी, आता तेहतीसवर आला आहे आणि तिला थांबवायला एक टोळी निघते. सुरुवातीचाच तो समुद्राकाठचा सीन, हातात हात असलेली बाई फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जाते, तो मी खेळलो तेव्हा आईनं जेवायला हाक मारली आणि मला ओ देता आला नाही. लढाई पाळीपाळीची आहे पण शत्रूचा वार बरोबर टायमिंगला बटन दाबून अडवावा लागतो, त्यामुळे झोप येत नाही. किंमत पण तिकडे पन्नास डॉलर ठेवली होती जिथे बाकीचे मोठे गेम सत्तर घेतात.

स्टेजवर ते लोक आले तेव्हा ब्रोशनं आभार कोणाचे मानले माहीत आहे का, यूट्यूबवर गेम कसा बनवायचा याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांचे, कारण आम्हाला गेम बनवता येतच नव्हता म्हणे. आमच्या हॉलमध्ये रायसोनी-प्रियदर्शिनीची वगैरे इंजिनिअरिंगची पोरं होती दोन-चार, ती एकमेकांकडे बघून हसली. बस, असं एखादं मिनिट बघायला मिळावं म्हणून हा शो असतो, आणि ते मिनिट जाहिरातींच्या ढिगातून शोधावं लागतं हेच माझं भांडण.

एक मात्र खटकलं, बेस्ट इंडिपेंडंट गेम, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय बनवलेल्या गेमचा अवॉर्ड, तो पण एक्सपिडिशनलाच आणि बेस्ट डेब्यू इंडी पण त्यालाच. मागे पब्लिशर आहे, आवाज द्यायला चार्ली कॉक्स आणि अँडी सर्किस आहेत, मग इंडी कशाला म्हणायचं? सिल्कसाँगसारखा गेम समोर होता, ऑस्ट्रेलियाचे मोजके लोक, २०१९ ला जाहीर केला तेव्हापासून लोक वाट बघून म्हातारे झाले, शेवटी सप्टेंबरमध्ये वीस डॉलरला आला आणि पहिल्याच तासात स्टीम, म्हणजे गेम विकायचं ऑनलाइन दुकान, बसलं. त्याला बेस्ट ॲक्शन-ॲडव्हेंचर मिळाला, पण इंडीवाला त्याच्याकडे किंवा अजून कोणा छोट्याकडे गेला असता तर मला जास्त आवडलं असतं. हेडीस टू पण होता, त्याला बेस्ट ॲक्शन. निवड करतात कसे तर जगभरातल्या गेमिंग पत्रकारांच्या ज्युरीला ९० टक्के आणि आपल्या पब्लिकच्या मतांना १० टक्के वजन. म्हणजे तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवरून मत टाकलं तरी फार काही हलत नाही. एक प्लेयर्स व्हॉइस म्हणून पूर्ण पब्लिकचा अवॉर्ड असतो, तो यंदा वदरिंग वेव्ह्जनं नेला, त्या गेमचे फॅन लोक संघटित आहेत बुवा.

मोबाइलचा विषय निघाला तर सांगतो. नागपुरात दहा गेमर पकडा, त्यातले बहुतेक बीजीएमआय नाही तर फ्री फायरवाले निघतील. त्या मागच्या पोरानं विचारलंच, "भाऊ, बीजीएमआय कोणत्या कॅटेगरीत आहे?" नाही बाबा, कोणत्याच नाही. बेस्ट मोबाइल गेम मिळाला उमामुसुमे प्रिटी डर्बीला, जपानी गेम आहे, शर्यतीच्या घोड्यांच्या जागी पोरी आहेत, घोड्याचे कान आणि शेपूट लावलेल्या, आणि त्यांना ट्रेनिंग देऊन पळवायचं. काकांना हे समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी सांगितलं. काका थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "बरं, जिंकणाऱ्याले रक्कम किती देतात?" म्हटलं काका, रक्कम नसते, पुतळाच देतात, न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं बनवलेला. "मंग एवढा तामझाम कायले?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडचं कोणी तिथे पोचलं का, तर हो, आणि मराठी माणसानं हे माहीत ठेवलंच पाहिजे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : ॲन एन्शंट एपिक, २०२० ला बेस्ट डेब्यू गेमच्या पाच नावांत होता. अवॉर्ड फॅस्मोफोबियाला गेला पण नाव तर लागलं. क्राउडफंडिंगमध्ये त्यांना पुरेसे पैसे जमले नव्हते तरी गडी थांबले नाहीत. त्यातली ती पोरगी राजी, हातात त्रिशूळ, भिंतींवर चित्रं, रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगत सांगत पुढे जाते, खेळायला थोडा अडखळतो, लढाईत कॅमेरा त्रास देतो, पण राजस्थानी किल्ले ज्या प्रेमानं काढले आहेत ते बघून घ्या. सेलमध्ये बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो. २०२३ ला वेनबा पण होता यादीत, कॅनडात राहणाऱ्या तमिळ कुटुंबाचा स्वयंपाकाचा गेम, इडली नीट नाही झाली तर गेम पुढे जात नाही, माझ्या बहिणीनं आयुष्यात पूर्ण केलेला एकमेव गेम तो.

ऑर्केस्ट्राबद्दल पाच पॉइंट का दिले ते सांगायचं राहिलं. गेम ऑफ द इयर जाहीर करायच्या आधी लॉर्न बाल्फचा पूर्ण ऑर्केस्ट्रा बसतो आणि सहाही नॉमिनेटेड गेम्सचं म्युझिक एकातून एक गुंफत वाजवतात, मागे पडद्यावर त्या त्या गेमचे सीन. जिंकलेला आणि हरलेला असं काही नसतं तेव्हा, सगळ्यांना सारखी मिनिटं, कोणी आटपा म्हणत नाही. २०२२ ला त्यातला बासरीवाला पेड्रो युस्टाश एवढा जीव ओतून वाजवत होता की दुसऱ्या दिवशी जगात अवॉर्डपेक्षा त्याचीच चर्चा. यंदा डेथ स्ट्रँडिंग टू, डाँकी काँग, हेडीस, सिल्कसाँग, किंगडम कम आणि एक्सपिडिशन, आणि शेवटच्याचं ते गाणं उचललं आणि...

...आणि कॅफेचं नेट गेलं. गोल गोल फिरायला लागलं. हॉलमध्ये जो आवाज झाला तो इथे लिहिता येत नाही. कॅफेवाला भाऊ मोबाइलचा हॉटस्पॉट लावायला धावला, तो लागेपर्यंत अर्धं संपलं होतं आणि जे राहिलं ते इतकं धुरकट दिसत होतं की कोण वाजवून राहिलं आणि कोण टाळ्या, काही कळेना. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्याच्या एरियात रोज असंच होतं, हे त्यानंच नंतर सांगितलं. भाऊ, मग दुसरं कनेक्शन घेऊन ठेव ना, दीडशे रुपये घेतले तू!

पण दीडशे रुपयांत काय होतं ते पण सांगितलं पाहिजे. चहा हवा तेवढा. पोहे गरम, वर चण्याची तर्री अशी की नाकातून पाणी यावं, शेव वेगळी मागितली तर तोंड वाकडं न करता दिली. प्रोजेक्टर चांगला, अंधार नीट केला होता. गेमिंगच्या खुर्च्या पहिल्या आलेल्यांना, बाकीच्यांना प्लास्टिकच्या, त्या तीन तासांत कंबर धरतात, तेव्हा लवकर जा. आवाज मोठा पण घुमत होता, बोलणं कळत नव्हतं, सबटायटल लावा म्हटलं तर लावले, चांगला माणूस आहे. संपल्यावर पीएस फाइव्हवर एक्सपिडिशनची सुरुवात ज्याला खेळायची त्याला फुकट खेळू दिली, ही आयडिया मला फार आवडली, लाइन लागली होती. पाचपैकी साडेतीन देतो, नेट सुधारलं तर साडेचार.

ज्यांना ऑफिस आहे त्यांनी लाइव्हच्या भानगडीत पडू नका. संध्याकाळी घरी येऊन यूट्यूबवर पूर्ण शो लावा, कीली नुसता बोलायला लागला की पुढे ढकला, भाषणं आणि ऑर्केस्ट्रा सोडू नका, सव्वा तासात आटपतो. आणि ट्रेलर बघून लगेच प्री-ऑर्डर करू नका, मोठा गेम आजकाल पाच हजाराला जातो, सहा महिन्यांत सेल लागतोच.

राहिला शोचा शेवटचा ट्रेलर, हायगार्ड. सगळ्यात शेवटी म्हटल्यावर लोक श्वास रोखून बसले होते, कोणी जुन्या हाफ-लाइफ गेमचा नवा भाग म्हणे कोणी अजून काही, आणि निघाला एक टीम करून मारामारी करायचा शूटर, एपेक्स लेजेंड्स बनवलेल्या लोकांचा. हॉलमध्ये एकदम "हॅट्" झालं. नेटवर तर धुलाई झाली त्याची. माझं म्हणणं एवढंच की त्यात खेळणं दिसलं, तारीख २६ जानेवारी २०२६ दिली होती आणि गेम फुकट होता. सुट्टीच होती त्या दिवशी, म्हणून झेंडावंदन करून आलो की डाउनलोडला लावायचं तेव्हाच ठरवलं.